गॅरी किल्डॉल : कंपायलरशास्त्राचा उपेक्षित शिल्पकार

संगणकाच्या इतिहासात गॅरी किल्डॉल यांचे नाव निघते, ते बहुधा आयबीएमची हुकलेली संधी सांगण्यापुरतेच. त्यांचे खरे कार्य त्या एका प्रसंगाहून कितीतरी मोठे आहे. १९ मे १९४२ रोजी सिअ‍ॅटल येथे जन्मलेल्या किल्डॉल यांच्या घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. माँटेरे येथील अमेरिकी नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते अध्यापन करीत.

माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडचे यंत्राच्या अंकी संकेतांत रूपांतर करणारी प्रणाली म्हणजे कंपायलर. प्रोग्राममधील प्रत्येक मूल्य कोठून येते व कोठे जाते, याचा गणिती माग काढण्याची पद्धत किल्डॉल यांनी १९७३मधील शोधनिबंधात मांडली. अनावश्यक आज्ञा वगळणे त्यामुळे शक्य झाले. याच सुमारास त्यांनी इंटेलच्या चिमुकल्या प्रोसेसरसाठी पीएल/एम ही भाषा व तिचा कंपायलर तयार केला. १९७४मध्ये साकारलेली त्यांची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम प्रथम याच भाषेत लिहिली गेली. पुढे यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी बायॉस या नावाने वेगळा काढला आणि एकच प्रणाली अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालू लागली. सीपी/एमसोबत दिलेल्या डीडीटी या साधनात तर यंत्रसंकेत पुन्हा वाचनीय आज्ञांत मांडण्याची, म्हणजेच डिसअसेंब्लीची सोय होती.

१९८०मध्ये आयबीएमशी त्यांची बोलणी फिसकटली. मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेली दुसरी प्रणाली विकत घेऊन आयबीएमला पुरविली. किल्डॉल यांच्या आक्षेपानंतर आयबीएमने सीपी/एम-८६ही विक्रीस ठेवली, पण २४० डॉलरना. प्रतिस्पर्धी प्रणाली अवघ्या ४० डॉलरना मिळत होती. ग्राहकांचा कौल उघड होता. १९९१मध्ये त्यांची डिजिटल रिसर्च ही कंपनी नॉव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बाजारात हरलेले किल्डॉल विद्येच्या प्रांतात मात्र टिकले. इंटेलच्या नंतरच्या पीएल/एम कंपायलरांचे सोर्स कोड हाती नसल्याने हौशी प्रोग्रामरांनी डिसअसेंब्लीच्या साहाय्याने ते नव्याने उभे केले आहेत. मूळ नावे व टिपा यंत्रसंकेतात उरत नाहीत. त्या तर्काने भराव्या लागतात. रचलेला कोड पुन्हा कंपाइल करून मूळ फाइलशी बाइटगणिक जुळला, तरच काम पुरे होते. यंत्रसंकेतातून उच्चस्तरीय भाषेकडे परतणाऱ्या आजच्या डीकंपायलरांना मूल्यांचा माग काढावाच लागतो आणि त्याचा पाया किल्डॉल यांच्या १९७३च्या निबंधात आहे. सीपी/एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०१४मध्ये खुला केला. त्यामुळे किल्डॉल यांचे हे काम आता कोणालाही मुळातून अभ्यासता येते.