शाळातपासनीस मॅथ्यू आर्नोल्ड

कवि म्हणून मॅथ्यू आर्नोल्ड (१८२२–१८८८) सर्वश्रुत आहेत; परंतु ते इंग्लंडांत ३५ वर्षें सरकारी शाळातपासनीसहि होते. १८६२ सालीं तेथें नियम झाला कीं, वाचन, लेखन व गणित यांत मुलें उत्तीर्ण होतील त्या मानानें शाळांस अनुदान द्यावें. मग शिक्षक तींच पुस्तकें घोकवून घेऊं लागले. इतिहास-भूगोल मागें पडले. स्वतः सरकारचे चाकर असूनहि आर्नोल्डांनीं त्याच वर्षीं लेख लिहून विरोध केला. शिक्षकाच्या बुद्धीस वाव न राहिल्यास शिक्षण यंत्रवत् होतें, हें ते पुढेंहि आपल्या अहवालांतून बजावीत राहिले. १८९० सालीं ती पद्धति बहुतांशीं रद्द झाली. तें पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. विद्यार्थीमित्रहो, गुरुजी पुस्तक मिटून एखादी गोष्ट सांगूं लागले म्हणजे, या मोकळिकीसाठीं झगडणाऱ्या त्या तपासनिसाचें स्मरण असूं द्या.