धुराशी झुंजलेला अभियंता

पंधरा-वीस वर्षे वापरलेली पेट्रोलची मोटार घाट चढताना दम टाकू लागली, मागून कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला आणि पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढला, की गॅरेजवाल्याची नजर गाडीच्या पोटाखालच्या पत्र्याच्या डब्याकडे वळते. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो महाग असतो आणि तो बदलायचा की नाही, यावर मालक आणि मेकॅनिक यांच्यात हमखास घासाघीस होते. या डब्याला मोटारीखाली जागा मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, त्या यूजीन हूड्री यांना मात्र तो रस्त्यावरच्या लाखो गाड्यांना बसलेला पाहायला मिळाला नाही.

१८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ गावी जन्मलेले हूड्री हे एका सधन पोलाद उत्पादकाचे चिरंजीव. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे. १९११ साली ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. फुटबॉलच्या मैदानावरही ते आघाडीवर होते. वडिलांच्या कारखान्यात स्थिरावतात न स्थिरावतात तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते फ्रान्सच्या रणगाडा दलात दाखल झाले. १९१७ मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत, तोफांचा भडिमार सुरू असताना, निकामी झालेल्या रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था त्यांनी लावली. त्यात ते जखमी झाले. ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक त्यांना मिळाले.

युद्धानंतर त्यांना शर्यतीच्या मोटारींचे वेड लागले. १९२२ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली. वेगवान इंजिने तयार होत आहेत, पण त्यांच्या तोडीचे पेट्रोल मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातच फ्रान्सकडे स्वतःचे खनिज तेल जवळजवळ नव्हते. नीस शहरातील एका रसायनज्ञाने लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढण्याची रीत शोधल्याचे कानावर येताच हूड्री त्या मागे लागले. सरकारी पाठबळावर १९२९ मध्ये प्रायोगिक कारखानाही चालवून पाहण्यात आला. पेट्रोल निघाले, पण परवडेना. सरकारने हात आखडता घेतला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

दरम्यान, जड तेलापासून चांगले पेट्रोल काढण्याचा दुसरा मार्ग त्यांनी धरला होता. त्या काळी जड तेल प्रचंड उष्णतेने व दाबाने फोडले जाई. हूड्री यांनी त्यासाठी उत्प्रेरक शोधला. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ. शेकडो पदार्थ तपासल्यावर सिलिका आणि अॅल्युमिना यांनी युक्त अशी माती त्यांच्या कामी आली. अडचण निराळीच होती. काही मिनिटांतच या मातीवर कर्बाचा थर साचे आणि तिची धार बोथट होई. इतरांनी अशा वेळी उत्प्रेरक फेकून दिला असता. हूड्री यांनी हवा सोडून तो कर्ब जाळून टाकला आणि तीच माती पुन्हा कामाला जुंपली. एका पात्रात तेल फुटत असताना दुसऱ्यातील माती शुद्ध होत राही. उत्प्रेरक का मरतो, हे आधी शोधायचे आणि मग त्यावर उपाय करायचा, ही त्यांची खरी प्रतिभा. तेलातल्या शोधापेक्षाही ती मोठी मानावी लागेल.

१९३० मध्ये अमेरिकन व्हॅक्युम ऑइल कंपनीच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत गेले. मंदीचे दिवस होते, पैशाची चणचण होती; पण सन ऑइल कंपनी भागीदार झाली आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हूक येथे मोठा प्रकल्प उभा राहिला. जुन्या रीतीने जेथे एक चतुर्थांश पेट्रोल निघे, तेथे जवळजवळ निम्मे निघू लागले, तेही वरच्या प्रतीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या इंधनात या प्रक्रियेचा वाटा मोठा होता. हूड्री यांनी अमेरिकेतून द गॉल यांची बाजू घेतली, तेव्हा १९४१ मध्ये व्हिशी सरकारने त्यांचे फ्रेंच नागरिकत्वच काढून घेतले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

साठीकडे झुकलेल्या माणसाने एवढ्या यशावर आरामात दिवस काढले असते. पण शहरांवर साचणारा धूर आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण यांनी त्यांना अस्वस्थ केले. ज्या पेट्रोलची त्यांनी रेलचेल करून दिली, त्याच्याच धुराचा हा प्रश्न होता. १९५० च्या सुमारास त्यांनी ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ ही कंपनी काढली. चिनी मातीच्या दांड्यांवर अॅल्युमिना व प्लॅटिनमचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावरून गरम धूर जाऊ द्यायचा, अशी ती योजना. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले इंधन तेथेच जळून जाई व कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडे. १९५६ मध्ये मोटारीच्या कन्व्हर्टरचे पेटंट त्यांना मिळाले. कारखान्यांची धुराडी आणि गोदामांतील मालवाहू फोर्कलिफ्ट यांवर हे उपकरण चालले. मोटारीवर मात्र ते टिकेना.

कारण शिसे. इंजिन खडखडू नये म्हणून १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले जात होते. ते धुराबरोबर येऊन प्लॅटिनमवर बसे. कर्ब जाळता येतो. शिसे जाळता येत नाही. ज्याने उत्प्रेरकाला पुन्हा जिवंत करण्याची विद्या जगाला दिली, त्याची विद्या येथे चालेना. उपाय गाडीत नव्हता, पेट्रोलच्या पंपावर होता आणि तो एकट्या संशोधकाच्या हातातला नव्हता. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री यांचे निधन झाले, तेव्हा पंपांवर शिसेयुक्त पेट्रोलच मिळत होते.

अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० साली देशभर शिसे हद्दपार झाले.

शिसे गेले, तरी कन्व्हर्टर आजही मरतो; मारेकरी बदलले इतकेच. झिजलेल्या रिंगांमधून जळणाऱ्या इंजिन ऑइलमधील फॉस्फरस त्याला विषासारखा बाधतो. स्पार्क प्लग चुकत असेल तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते आणि चिनी मातीची जाळी वितळते. म्हणून जाणता मेकॅनिक आधी प्लग, ऑइलचा खप आणि धुराच्या नळीतील गळती पाहतो. मग थंड डबा हलकेच ठोकतो. आत खुळखुळ झाली, तर जाळी फुटलेली असते. पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत मागच्या सेन्सरचा संकेत बऱ्यापैकी स्थिर असावा लागतो. तो पुढच्यासारखाच वरखाली नाचू लागला, तर कन्व्हर्टरची ताकद संपली असे समजावे. अर्थात सेन्सरच बिघडलेला नाही ना, हेही बघावे लागते. जाळी फोडून रिकामा डबा परत बसवण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. ती बेकायदा तर आहेच, शिवाय सगळे विष थेट मागच्या माणसाच्या नाकात जाते. मूळ दोष दुरुस्त न करता नवा डबा लावला, तर काही महिन्यांत तोही जुन्याच्या वाटेने जातो. दोष निघाल्यावर नव्या गॅस्केटसह, गाडीच्या मॉडेलला साजेसा कन्व्हर्टर, त्यावरचा बाण धुराच्या वाहण्याच्या दिशेने ठेवून बसवायचा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा पीयूसी करून घ्यायची.