डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी व अड्यार येथील कर्करोगाचें इस्पितळ

ज्या बाईंचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों त्या ख्रिस्ती नव्हत्या. हें प्रथमच सांगून टाकिलेलें बरें. नाहीं तर कोणी उपदेशक बंधु अर्धा लेख वाचून झाल्यावर आम्हांस पत्र लिहून विचारतील कीं, आपल्या मंडळ्यांच्या पत्रांत या बाईंस जागा कां दिली? मेलेल्या माणसाला मागाहून ख्रिस्ती ठरविण्याची हौस आम्हांस नाहीं. परंतु लूककृत शुभवर्तमानांतील ज्या दृष्टांतांत याजक व लेवी वाटेच्या कडेनें निघून गेले आणि परक्या जातीचा शोमरोनी थांबला, तो दृष्टांत आपण दरवर्षीं मंडळीपुढें वाचतों. त्या घायाळ मनुष्याचा शेजारी कोण ठरला, एवढेंच प्रभूनें तेथें विचारिलें. तेव्हां वाटेंत पडलेल्यांसाठीं थांबलेल्या एका परक्या बाईंची हकीकत आपण ऐकून घेण्यास हरकत नसावी.

मुत्तुलक्ष्मींचा जन्म ३० जुलै १८८६ रोजीं तामिळ मुलखांतील पुदुकोट्टै या लहानशा संस्थानांत झाला. वडील नारायणस्वामी हे ब्राह्मण असून तेथील महाराजांच्या कॉलेजाचे मुख्य होते. आई चंद्राम्मळ या देवदासींच्या समाजांत जन्मलेल्या होत्या. या संबंधामुळें वडिलांस त्यांच्या कुळानें दूर केलें. आमच्याकडील मुरळ्या व जोगतिणी यांची दशा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या मुलीच्या कानांवर कसलीं बोलणीं पडलीं असतील हें फोडून सांगावयास नको. मुलगी शिकते हेंच जेव्हां नवल होतें तेव्हां तिनें मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुढें मुलांच्या कॉलेजांत नांव घालण्याकरितां अर्ज केला. गांवांत पुष्कळ विरोध झाला, पण संस्थानच्या राजेसाहेबांनीं परवानगी दिली. १९०७ सालीं त्या मद्रास येथील मेडिकल कॉलेजांत गेल्या व १९१२ सालीं डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या काळीं आपल्या देशांत डॉक्टर झालेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९१४ सालीं डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. संसारांत दोघांची योग्यता सारखी राहील आणि लोकसेवेच्या कामांत आडकाठी होणार नाहीं, हें त्यांनीं आधींच ठरवून घेतलें होतें.

आतां ज्या गोष्टीवरून त्यांच्या पुढल्या कामाचें बीं पडलें ती सांगतों. १९२३ सालीं त्यांची धाकटी बहीण वारली. वय विशीच्या थोडें पुढें, आणि रोग मोठ्या आंतड्याच्या शेवटल्या भागाचा कर्करोग. घरांत बहीण डॉक्टर, मेहुणा डॉक्टर, मद्राससारखें मोठें शहर. तरी तिच्या यातना कोणाच्यानें थांबवितां आल्या नाहींत. विद्या हातांत असून ती उपयोगीं पडत नाहीं हें पाहण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याचें दुःख निराळेंच असतें. कित्येक लोक अशा दुःखानें कडवट होतात, कित्येक विसरतात. मुत्तुलक्ष्मीबाई विसरल्या नाहींत. १९२५ सालीं अधिक शिक्षणासाठीं त्या इंग्लंडास गेल्या असतां लंडन येथील केवळ कर्करोग्यांसाठीं चाललेलें इस्पितळ त्यांनीं पाहिलें, आणि तसें एक आपल्या प्रांतांत असलें पाहिजे हें त्यांनीं मनांत धरिलें.

मनांत धरिलेलें काम हातीं येण्यास मात्र जवळजवळ तीस वर्षें लागलीं. या तीस वर्षांतील त्यांच्या इतर उद्योगांचा एक ग्रंथ होईल. आम्ही तो भाग थोडक्यांत आटपतों. इंग्लंडाहून आल्यावर त्यांची मद्रासच्या कायदेमंडळांत नेमणूक झाली व तेथें त्या एकमतानें उपाध्यक्ष निवडल्या गेल्या. ब्रिटिश हिंदुस्थानांत कायदेमंडळांत बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. देवास मुली वाहण्याची चाल बंद व्हावी म्हणून त्या तेथें झगडल्या, आणि १९४७ सालीं मद्रास प्रांतांत त्याविषयींचा कायदा पूर्णपणें झाला. १९३० सालीं गांधींना अटक झाली तेव्हां त्यांनीं कायदेमंडळाची जागा सोडली. त्याच सुमारास, ज्या मुलींस कोणी वसतिगृहांत घेईना अशांसाठीं त्यांनीं आपल्याच घरीं आश्रम काढला; तोच पुढें अव्वै होम या नांवानें प्रसिद्ध झाला.

पण इस्पितळाकडे वळूं. खेड्यांतील माणसाला कर्करोगाचें नांव घेण्याचीहि भीति वाटते. कोणी त्यास नुसता गांठीचा रोग म्हणतात, कोणी देवाचा कोप म्हणतात, आणि आमच्या मंडळ्यांतहि अशीं घरें आहेत कीं जेथें रोग्याचें ताट वेगळें करितात व त्याची वाकळ ओसरीवर टाकितात. हा रोग शिवल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं, हें उपदेशकांनीं उपासनेनंतर उभें राहून स्पष्ट सांगावें. त्या काळीं तर शिकलेले लोकहि या रोगाविषयीं निराश होते. १९३५ सालीं मद्रासच्या मेडिकल कॉलेजास शंभर वर्षें पुरीं झालीं त्या उत्सवांत बाईंनीं कर्करोगाच्या वेगळ्या इस्पितळाची कल्पना मांडली. ती फारशी कोणाच्या पचनीं पडली नाहीं. पुढें मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटांच्या धर्मादायांतून असें इस्पितळ उघडलें, आणि महाराष्ट्रांतील रोग्यांस एक ठिकाण झालें. पण दक्षिणेंतील गरिबानें मुंबईपर्यंत यावें कसें? बाईंनीं सरकारकडे पुनःपुन्हां खेटे घातले. एका मंत्र्यांनीं तर असें विचारिलें म्हणतात कीं, या रोगानें माणसें मरतातच, मग त्यांच्याकरितां इस्पितळ कशाला?

या प्रश्नावर आपण थोडें थांबावें. तो दुष्टपणानें विचारलेला नसेल. पैसा थोडा, रोगी पुष्कळ. ज्याच्यावर खर्च करून तो बरा होईल त्याच्यावर आधीं करावा, हा व्यवहारी हिशेब आहे, आणि मंडळीच्या पंचांनाहि तो करावा लागतो. पण या हिशेबांत दोन चुका होत्या. एक, कर्करोग लौकर ओळखला तर पुष्कळदां बरा होतो. स्त्रियांचा गर्भाशयाच्या मुखाचा रोग व तोंडाचा रोग हे तर आरंभींच सांपडूं शकणारे आहेत. दुसरी चूक अशी कीं, जो बरा होणार नाहीं त्याचें दुःख हलकें करणें हेंहि वैद्याचें कामच आहे. बहिणीच्या अंथरुणाजवळ बसलेल्या बाईंस ही दुसरी गोष्ट कोणी शिकवावयास नको होती.

तेव्हां सरकारच्या दारीं थांबावयाचें सोडून त्यांनीं लोकांपुढें पदर पसरला. स्त्रियांची जी भारतीय संस्था त्यांच्या हातीं होती तिच्यामार्फत १९४९ सालीं कर्करोग्यांच्या साह्यासाठीं निधि काढण्यांत आला. त्या वेळीं बाईंचें वय ६३ वर्षांचें होतें. कायदेमंडळांत उपाध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईनें वर्गणीचें पुस्तक घेऊन हिंडावें, हें त्यांस कमीपणाचें वाटलें नाहीं. ज्यांना मंडळीसाठीं वर्गणी गोळा करावी लागते त्यांस या कामाची चव ठाऊक आहे: ज्या घरीं मोठी रक्कम मिळेल असें वाटतें तेथून चहा पिऊन परत यावें लागतें, आणि ज्या झोंपडीपुढें थांबण्याचा संकोच वाटतो तेथून म्हातारी कनवटीचा रुपया काढून देते. विधवेच्या दोन टोल्यांचा अर्थ पुस्तकापेक्षां वर्गणी मागणाऱ्यालाच लौकर कळतो. आमच्याकडे मात्र असा एक समज आहे कीं, इस्पितळाचा खर्च मिशननें करावा अथवा सरकारनें करावा, आणि आपण तेथें जाऊन औषध फुकट मागावें. परदेशांतील मंडळ्यांचे पैसे येत होते तोंवर हा समज खपला.

१० ऑक्टोबर १९५२ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें मद्रासजवळ अड्यार येथें कोनशिला बसविण्यांत आली, आणि १८ जून १९५४ रोजीं इस्पितळ उघडलें. खाटा किती? अवघ्या १२. इमारत एक, साधनें थोडीं. तीस वर्षें जपलेल्या मनोरथाचें हें एवढेंसें फळ पाहून कोणी हंसलें असेल. पण रोगी मोजण्यास थांबले नाहींत, ते येऊं लागले.

आतां ज्यांच्यामुळें या १२ खाटांचें काम चाललें त्यांच्याविषयीं सांगितलें पाहिजे, कारण पैसा गोळा करणाराचें नांव दगडावर येतें आणि रात्रीं जागणाराचें येत नाहीं. बाईंचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ति यांनीं अमेरिकेस जाऊन या रोगाच्या चिकित्सेचें शिक्षण घेतलें होतें. त्यांनीं इस्पितळाचा भार उचलला. १९५५ सालीं डॉ. शांता नांवाच्या एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांस येऊन मिळाल्या. सरकारी इस्पितळांतील चांगली जागा त्यांच्यासाठीं तयार असतां ती सोडून त्या आल्या. आरंभींचीं तीन वर्षें त्यांनीं पगार घेतला नाहीं; मग महिना २०० रुपये व आवारांत राहण्यास जागा मिळाली. त्या आवारांत त्या जन्मभर राहिल्या.

डॉक्टरांच्या मागें परिचारिका, वॉर्डांतील आया, स्वयंपाकी, झाडूवाले. कर्करोग्याची शुश्रूषा म्हणजे काय हें ज्यांनीं घरीं केली आहे त्यांसच ठाऊक. तोंडाच्या रोग्याची जखम दिवसांतून अनेकदां धुवावी लागते. तिची दुर्गंधि अशी असते कीं सख्खा भाऊ दाराशीं उभा राहून बोलतो. पेज नळीनें घालावी लागते. किरणांच्या उपचारानें कातडी होरपळल्यासारखी होते, तिला हात लावतांना रोगी ओरडतो, आणि ओरडला तरी ती स्वच्छ करावीच लागते. तो रागानें भांडें फेंकतो. परिचारिका तें उचलते व पुन्हां जवळ येते. ज्वरानें आलेला रोगी आठ दिवसांत बरा होऊन तिला नमस्कार करून जातो. येथें जिची तीन महिने वेणी घातली तिच्याच अंगावर चादर ओढण्याची पाळी येते, आणि लगेच शेजारच्या खाटेकडे हंसतमुखानें वळावें लागतें. हिंदुस्थानांत त्या काळीं परिचारिकेचें काम लोक हलकें मानीत आणि आपल्या मुली त्यांत घालीत नसत. जात व कुळ यांची भीड नसलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील मुली मात्र मोठ्या संख्येनें त्यांत गेल्या. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आत्या व मावश्या त्यांत असतील. घरीं आल्यावर त्यांच्याकडे आपण केवळ पगार विचारला, त्यांची झोंप विचारली नाहीं.

१९५६ सालीं सरकारनें मुत्तुलक्ष्मीबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. १९५७ सालीं कोबाल्टच्या किरणांनीं उपचार करण्याचें यंत्र कानडा देशांतून अड्यारला आलें. त्या काळीं आशियाखंडांत अशीं यंत्रें फारच थोडीं होतीं. खाटा वाढल्या, रोग्यांच्या नातलगांची सोय झाली. ज्यास द्यावयास कांहीं नाहीं त्यास परत लावावयाचें नाहीं, हा पहिल्या दिवसाचा नियम पुढेंहि राहिला, आणि त्याचा भार लोकांच्या देणग्यांनीं वाहिला. बाईंनीं १४ वर्षें हें काम वाढतांना पाहिलें. २२ जुलै १९६८ रोजीं त्या वारल्या. ८२ वें वर्ष पुरें होण्यास आठ दिवस उरले होते. डॉ. कृष्णमूर्ति २०१० सालीं वारले. डॉ. शांता यांस २००५ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, त्याचे पैसे त्यांनीं इस्पितळास दिले. २०२१ सालच्या जानेवारींत त्याहि गेल्या.

येथें उपदेशकांस एक सूचना करितों. तोंडांत न भरणारा व्रण, छातींतील न दुखणारी गांठ, पाळी गेल्यावर पुन्हां होणारा रक्तस्राव, यांपैकीं कांहीं मंडळींतील कोणास आहे असें कळलें तर अंगारा, ताईत अथवा केवळ प्रार्थना यांवर दोन महिने घालवूं देऊं नयेत. प्रार्थना करावी, आणि त्याच आठवड्यांत त्यास गाडींत बसवून तालुक्याच्या इस्पितळांत न्यावें. तंबाखू, मिश्री व गुटखा यांविषयीं आम्ही मागें लिहिलेंच आहे. सुगीच्या सणाच्या दानांतून कांहीं भाग रोग्यांच्या प्रवासखर्चासाठीं वेगळा काढण्याचा ठराव पंचांनीं केला तर तो मंडळीच्या वहींत नोंदवावा व हिशेब दर तिमाहीस वाचून दाखवावा.

बाईंचा जन्मदिवस ३० जुलै हा तामिळनाडूंत इस्पितळ-दिन म्हणून पाळण्याचें तेथील सरकारनें २०१९ सालीं ठरविलें. आपल्याकडे हे दिवस पेरणी उरकून निंदणीचे असतात. त्या दिवशीं जवळच्या इस्पितळांतील परिचारिका व आया यांस मंडळीच्या वतीनें भेटून येण्याची ज्या उपदेशकांची इच्छा असेल, त्यांनीं तेथील मुख्य डॉक्टरांस आधीं चिठ्ठी पाठवावी, चौघांपेक्षां अधिक जणांनीं जाऊं नये, आणि मलमपट्टीची सकाळची वेळ टाळून दुपारीं जावें.