उष्णतेला आधी वाट द्या : सीमोर क्रे यांची गोष्ट

एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी डेस्कटॉप कॉम्प्युटर चालू केला की थोड्याच वेळात त्याचे पंखे जोरात घोंघावू लागतात. मग आपण काय करतो? कॅबिनेटची बाजूची पत्री काढून ठेवतो, समोर टेबलफॅन लावतो, नाहीतर दुकानात जाऊन आणखी दोन पंखे आणतो. पंखे बसवूनही तापमान फारसं उतरत नाही तेव्हा मात्र कोडं पडतं.

याचं उत्तर सोपं आहे. पंखा थंडावा तयार करत नाही, तो फक्त उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेतो. ती कुठून निघणार आणि कुठून बाहेर पडणार हे ठरलेलं नसेल, तर पंखे तीच गरम हवा आतल्या आत घुसळत राहतात.

ही गोष्ट ज्याला इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा खोलवर कळली होती, त्या माणसाने घरगुती कॉम्प्युटर कधीच बनवला नाही. त्याने बनवले ते आपापल्या काळातले जगातले सर्वांत वेगवान कॉम्प्युटर. त्याचं नाव सीमोर क्रे. महासंगणकाचा जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं, पण त्यांचं आयुष्य म्हणजे उष्णतेशी चाललेली चाळीस वर्षांची झुंज होती असंही म्हणता येईल.

छोट्या गावातला मुलगा

सीमोर क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावात झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाला तारा आणि मोटारींचा नाद लागलेला पाहून त्यांनी घराच्या तळघरात त्याला उद्योग करायला जागा दिली. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने खेळण्यातल्या सुट्या भागांपासून एक यंत्र तयार केलं. कागदी पट्टीवरची भोकं वाचून ते मोर्सच्या कट्ट-कडकट्ट खुणा वाजवायचं.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि महायुद्धामुळे ते सैन्यात गेले. तिथे रेडिओ दळणवळणाचं आणि पुढे जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामातलं काम त्यांच्याकडे आलं. परत आल्यावर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितातली पदव्युत्तर पदवी घेतली. दरम्यान १९५० मध्ये सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत ते रुजू झाले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगायला पुस्तकंही नव्हती अशा काळात ते तो बनवायला शिकले.

वेग हवा तर तारा आखूड हव्यात

पुढची गोष्ट कळण्यासाठी एक साधा हिशोब बघू. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, साधारण एक फूट अंतर कापतो. तारेतला विद्युत संकेत त्याहून थोडा हळूच जातो. म्हणजे कॉम्प्युटरचे दोन भाग एकमेकांपासून जितके लांब, तितकी त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागते. वेग वाढवायचा तर तारा आखूड करायला हव्यात. त्यासाठी सगळे भाग जवळजवळ आणायला हवेत. पण प्रत्येक भाग तापतो. ते दाटीवाटीने बसवले की गर्दीच्या वेळच्या लोकल डब्यासारखी अवस्था होते, उष्णतेला बाहेर पडायला जागाच उरत नाही. भाग तापले की आधी चुका करतात आणि मग जळतात.

वेगातून दाटी आणि दाटीतून उष्णता. क्रे यांच्या प्रत्येक यंत्रापुढे हाच पेच होता.

हवेची साथ सुटली

१९५७ मध्ये विल्यम नॉरिस आणि काही सहकाऱ्यांनी कंट्रोल डेटा ही नवी कंपनी काढली आणि क्रे लवकरच तिच्यात गेले. तिथे आधी १६०४ नावाचा यशस्वी कॉम्प्युटर झाला. मग क्रे यांनी वेगळीच मागणी केली. मुख्य कार्यालयाच्या बैठका आणि वर्दळ टाळून आपल्या गावात, चिपेवा फॉल्सला, प्रयोगशाळा हवी. कंपनीने ती बांधून दिली.

तिथेच सीडीसी ६६०० तयार झाला. १९६४ मध्ये तो बाजारात आला आणि पहिला यशस्वी महासंगणक ठरला. त्यात सिलिकॉनचे सुमारे ४ लाख ट्रान्झिस्टर होते, आणि तेही दोन पाट्यांच्या मध्ये, मोळीतल्या लाकडांसारखे दाटून बसवलेले. एवढ्या दाटीतून हवा कितपत जाणार?

हवेची अडचण मुळातच आहे. तेवढ्याच आकारमानाचं पाणी एका अंशाने तापताना हवेपेक्षा सुमारे ३५०० पट उष्णता शोषून घेतं. म्हणून हवेने काम भागवायचं तर ती खूप आणि सतत वाहावी लागते, आणि वाहायला मोकळी जागा लागते. नेमकी तीच जागा क्रे यांना द्यायची नव्हती.

शीतकरणाचे जाणकार अभियंता डीन राउश यांनी यावर तोड काढली. घरातल्या फ्रिजमध्ये जे घडतं तेच त्यांनी कॉम्प्युटरच्या पोटात घडवलं. नळ्यांतून फ्रीऑन फिरवला. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. आपल्या माठातलं पाणी गार राहतं तेही बाष्पीभवनामुळेच. ६६०० चं कॅबिनेट वरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखं दिसायचं आणि त्याच्या चारही बाहूंच्या टोकांना शीतकरणाची यंत्रणा होती.

त्या काळात कॉम्प्युटरच्या धंद्यात आयबीएमचा दबदबा होता. ६६०० ची घोषणा झाल्यावर आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांनी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी जाब विचारला. झाडलोट करणारा माणूस धरून अवघ्या ३४ जणांच्या प्रयोगशाळेने आपल्याला मागे कसं टाकलं, हा त्यांचा सवाल होता.

अपयश आणि नवी सुरुवात

१९६९ मध्ये ७६०० हा आणखी वेगवान कॉम्प्युटर आला. त्यानंतरचा ८६०० मात्र उभा राहू शकला नाही. भाग इतके दाटीने बसवले होते की उष्णता आवरेना आणि यंत्र भरवशाने चालेना. एक भाग बिघडला तरी सगळं थांबायचं. नव्याने सुरुवात करायला कंपनीकडे पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि त्यांनी क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. विशेष म्हणजे जुन्या कंपनीने तिच्यात पैसेही गुंतवले. संबंध तुटले नव्हते, वाटा वेगळ्या झाल्या होत्या.

नव्या कंपनीचं पहिलं यंत्र क्रे-१. ते पाहिलेला माणूस विसरत नाही. इंग्रजी सी अक्षरासारखा उभा अर्धगोल खांब आणि खाली गादी लावलेला बाक. सगळ्यात महागडा सोफा अशी त्याची थट्टा व्हायची. पण हा आकार शोभेसाठी नव्हता. आतल्या बाजूला वर्तुळाचा घेर लहान होतो, म्हणून तारा तिथून नेल्या. कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा लपवली होती.

आणि उष्णता? दोन सर्किट पाट्यांच्या मध्ये तांब्याचा पत्रा होता. चिपची उष्णता पत्र्यात जायची, पत्र्यातून कडेला, तिथल्या उभ्या धातूच्या पट्ट्यांत आणि पट्ट्यांमधल्या पोलादी नळ्यांतून वाहणाऱ्या फ्रीऑनमध्ये. म्हणजे प्रत्येक चिपपासून यंत्राबाहेरपर्यंत उष्णतेचा रस्ता आधीच आखलेला होता.

तरीही पहिलं यंत्र सहा महिने रखडलं, आणि तेही गणितामुळे नव्हे तर गळतीमुळे. कॉम्प्रेसर नीट चालावा म्हणून फ्रीऑनमध्ये वंगणाचं तेल मिसळलेलं असायचं. ते सांध्यांतून झिरपायचं, पाट्यांवर त्याचा थर साचायचा आणि शेवटी शॉर्ट सर्किट व्हायचं. नळ्यांच्या जोडणीसाठी वेल्डिंगची नवी पद्धत बसवली तेव्हा हे थांबलं.

१९७६ मध्ये पहिला क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेला. त्याचं वजन सुमारे साडेपाच टन होतं, तो ११५ किलोवॅट वीज खायचा आणि शीतकरण वगैरे धरून एकूण खर्च त्याच्या दुपटीहून जास्त व्हायचा. पुढे अशी ८० हून अधिक यंत्रं विकली गेली. गंमत अशी, की या एवढ्या गाजलेल्या कॉम्प्युटरसाठी जी पेटंटं मिळाली ती फक्त त्याच्या शीतकरणाच्या रचनेची होती.

कॉम्प्युटर बुडवला

१९८० च्या सुमारास क्रे यांनी कंपनीचा कारभार सोडला आणि पुन्हा फक्त रचनेच्या कामाला लागले. १९८५ मध्ये आलेल्या क्रे-२ मध्ये पाट्या एकावर एक इतक्या जवळ रचल्या होत्या, की मध्ये तांब्याचा पत्राही मावेना. तेव्हा त्यांनी सगळी पाट्यांची चळतच फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवली. हा द्रव वीज वाहू देत नाही, त्यामुळे चालू सर्किट त्यात सुखाने राहतं. द्रव पाट्यांमधून वाहायचा, तापून बाहेर यायचा आणि थंड पाण्याला उष्णता देऊन परत आत जायचा. पारदर्शक टाकीतला द्रवाचा प्रवाह पाहून लोकांनी या यंत्राला बुडबुडे असं टोपणनाव दिलं होतं.

झुंज संपली

पुढच्या क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप निवडल्या. १९८९ मध्ये या कामासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्जला वेगळी कंपनी निघाली. यंत्र झालं, १९९३ मध्ये एक हवामान संशोधन केंद्रात बसलंही, पण विकत घेणारा कुणी मिळाला नाही. १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

एव्हाना जग दुसऱ्या वाटेने निघालं होतं. एकच अतिवेगवान यंत्र घडवण्याऐवजी शेकडो साध्या चिप एकत्र जुंपायच्या, ही ती वाट. आपल्या पुण्याचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकी महासंगणक मिळवताना निर्बंधांची अडचण आली. क्रे कंपनीचा एक एक्स-एमपी हवामान अंदाजासाठी दिल्लीत आला, पण हवं ते मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात अनेक लहान प्रोसेसर एकत्र काम करत होते. ही क्रे यांच्या नेमकी उलटी वाट होती.

क्रे या वाटेबद्दल बरीच वर्षं साशंक राहिले. पण १९९६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली तेव्हा तेही अनेक प्रोसेसर जोडण्याचा विचार करू लागले होते. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडोत त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते.

आपल्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये

क्रे यांना भिडलेली भिंत पुढच्या दहा वर्षांत आपल्या घरापर्यंत आली. २००५ च्या सुमारास डेस्कटॉपच्या चिपचा वेग वाढवत नेणं उष्णतेमुळेच अशक्य झालं आणि एकाच चिपमध्ये अनेक कोअर बसवायला सुरुवात झाली. आज नखाएवढ्या चिपमधून १०० वॅटहून जास्त उष्णता निघू शकते. ती तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांत जाते आणि तिथून पंखा तिला हवेत ढकलतो. इथपर्यंतचा रस्ता कंपनीने आखलेला असतो. पुढचा रस्ता आपण आखायचा आहे.

गार हवा पुढून आणि खालून आत यावी, गरम हवा मागून आणि वरून बाहेर जावी. गरम हवा तशीही वर चढते, तिच्या विरुद्ध पंखे लावू नयेत. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंखा उलटा बसलाय का, हे यावरून कळतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली आणि आत घेणाऱ्या पंख्यांना जाळी लावली तर फटींतून धूळ कमी शिरते. तारा मागच्या बाजूने बांधून घ्या आणि कॅबिनेट भिंतीला टेकवू नका. उरलेली शंका उदबत्तीने फिटते. कॅबिनेटच्या बाहेर, पंख्यापासून थोडी लांब ती धरा, धूर कुठे ओढला जातो आणि कुठून ढकलला जातो ते दिसेल.

बाजूची पत्री काढली की बरेचदा हा रस्ताच मोडतो. हवा सगळीकडून येते, पण जिथे हवी तिथून वाहत नाही. म्हणून नवा पंखा विकत घेण्याआधी कागदावर दोन बाण काढा, एक हवा आत येण्याचा आणि एक बाहेर जाण्याचा. मधल्या वाटेत चिप आणि ग्राफिक्स कार्ड येत असतील, तर आहेत तेवढे पंखे बहुतेक पुरतील.