कर्नल चार्ल्स स्विन्हो आणि लाकूड पोखरणारे पतंग

मागील पावसाळ्यात आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने पेरूची एक वाळकी फांदी वर्गात आणली. फांदीच्या बेचक्यापासून वीतभर लांबीची, तांबूस भुशाची व कोळिष्टकाची विणलेली एक पट्टी सालीवरून गेली होती. ती खरवडून काढिली तेव्हा तिच्याखाली साल खाल्लेली दिसली, व पट्टीच्या शेवटी बोरूएवढे एक भोक लाकडात शिरलेले आढळले. त्यात मळकट तपकिरी रंगाची एक अळी दडून बसली होती. मुलाच्या वडिलांनी ते झाड तोडावयाचे ठरविले होते; परंतु तत्पूर्वी ह्या किड्याचे नाव काय, हे मास्तरांना विचारून ये, असे त्यांनी त्यास सांगितले होते.

खोडकिडा, असे उत्तर देऊन मला मोकळे होता आले असते. पण आपल्या नांदगाव तालुक्यात ज्वारीच्या ताटातील अळीला खोडकिडा म्हणतात, उसातील अळीलाही खोडकिडाच म्हणतात, आणि ह्या सर्व अळ्यांची रीत व त्यांवरील उपाय एक नाहीत. एका नावाखाली दहा प्राणी नांदू लागले म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास दिले जाते. म्हणून ग्रंथ उघडावे लागले. आणि ग्रंथांतून मागे मागे जाता जाता एका लष्करी अधिकाऱ्याची गाठ पडली. त्याचे चरित्र आपल्या वाचकांस क्वचितच ठाऊक असेल, यास्तव ते येथे थोडक्यात देत आहे.

चार्ल्स स्विन्हो ह्यांचा जन्म इ. स. 1838 मध्ये कलकत्ता शहरी झाला. त्यांचे वडील बंधू रॉबर्ट हे पुढे चीन देशात ब्रिटिश वकिलातीत नोकरीस होते, आणि चीन व फोर्मोसा बेट येथील पशुपक्ष्यांचा शोध करणारे म्हणून त्यांची कीर्ती झाली. थोरल्या भावाने निसर्गाचा नाद धरिला, तोच धाकट्यासही लागला. मात्र धाकट्याच्या वाट्यास तलवार आली. 1855 साली ते पायदळाच्या 56व्या पलटणीत दाखल झाले, क्रिमियाच्या युद्धात गेले, आणि 1857 च्या बंडानंतर हिंदुस्थानात येऊन 1859 मध्ये मुंबई इलाख्याच्या लष्करी सेवेत रुजू झाले. पुढील नोकरीच्या काळात पुणे, मुंबई, कराची व महू ही ठाणी त्यांच्या परिचयाची झाली.

छावणीतील अधिकाऱ्याला मोकळा वेळ पुष्कळ असे, व तो कसा घालवावा ही त्या काळी मोठीच अडचण होती. पत्ते, मद्य व शिकार ह्यांत कित्येकांचे आयुष्य सरले. स्विन्हो हेही बंदुकीत पटाईत होते. पण मारलेला पक्षी कोणत्या जातीचा, तो कोठे व केव्हा मिळाला, ह्याची टिपणे ठेवण्याची त्यांस सवय होती. 1880 साली जनरल रॉबर्ट्स ह्यांच्या सैन्याबरोबर ते कंदाहार येथे होते. तेथे व हिंदुस्थानास परत येतानाच्या कूचात त्यांनी 341 पक्षी जमविले आणि त्यांचा वृत्तांत 1882 मध्ये पक्षिशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकात छापला. युद्धाच्या धामधुमीत, रसदीचे उंट मरत असता, पक्ष्यांच्या कातड्यांत कापूस भरून त्यांवर चिठ्ठ्या बांधीत बसणारा हा गृहस्थ त्याच्या सोबत्यांस कसा दिसत असेल, ह्याची कल्पना करून मला नेहमी हसू येते.

पुढे पक्ष्यांपेक्षा पतंगांकडे त्यांचे चित्त अधिक ओढले गेले. फुलपाखरे दिवसा उडतात, सुंदर दिसतात, म्हणून त्यांचे भक्त पुष्कळ. पतंग बहुधा रात्रीचे, बहुतेक करड्या-मातकट रंगाचे; आणि संख्येने फुलपाखरांच्या कितीतरी पट. त्यांचा अभ्यास म्हणजे न सरणारे काम होय. ते स्विन्हो ह्यांनी अंगावर घेतले. 1884 मध्ये त्यांनी कराची येथील, 1885 मध्ये मुंबई व दख्खन येथील, आणि 1886 मध्ये महू येथील फुलपाखरे व पतंग ह्यांच्या याद्या लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केल्या. मुंबईहून महूस जाणारा लोहमार्ग मनमाड, नांदगाव, भुसावळ असा खांडव्यास पोहोचे, व तेथे गाडी बदलून पुढे जावे लागे. तेव्हा दख्खनच्या यादीतील पुणे आणि मध्य हिंदुस्थानच्या यादीतील महू ह्यांच्या दरम्यान आपले स्टेशन पडते.

ह्याच सुमारास मुंबईत एक गोष्ट घडली. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्ये, ज्यास आता डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव आहे, तेथे आठ गृहस्थ जमले व त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत कर्नल स्विन्हो हे एक. दुसरे एडवर्ड एटकिन. हे साताऱ्यास जन्मलेले, एका स्कॉटिश मिशनऱ्याचे पुत्र, मीठखात्यात नोकरीस असलेले आणि अत्यंत विनोदी लेखक. परंतु आपण मराठी लोकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या आठांत आपले दोन डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, व वनस्पतिशास्त्राचे जाणते डॉ. सखाराम अर्जुन. डॉ. सखाराम दोनच वर्षांत, 1885 साली निवर्तले. सोसायटीस प्रारंभी स्वतःची जागाही नव्हती. 1884 पासून फोर्टातील फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन नामक मद्यव्यापाऱ्याने आपल्या दुकानाच्या जागेत तिला आसरा दिला. आम्हा मद्यनिषेधवाद्यांना हे वाचून जरा चमत्कारिक वाटते. पण साप, पक्षी व पतंग ह्यांच्या पेट्या तेथेच सुखरूप राहिल्या, हे कबूल केले पाहिजे.

1887 ते 1889 ह्या तीन वर्षांत कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमने हिंदुस्थानातील पतंगांची एक सूची सात भागांत छापिली. म्यूझियममधील कोट्स नामक अधिकारी व कर्नल स्विन्हो हे तिचे जोडकर्ते होत. तोपर्यंत ह्या देशातील पतंगांची वर्णने लंडन, पॅरिस, कलकत्ता येथील शेकडो नियतकालिकांत विखुरलेली होती. एकाच पतंगास तीन विद्वानांनी तीन नावे दिलेली असत. ती सर्व एके ठिकाणी आणून, कोणते नाव आधीचे, कोणते मागून आलेले, हे ठरविणे म्हणजे वाण्याच्या तीस वर्षांच्या चोपड्या एका बैठकीत मिळविण्यासारखे होते. ह्या सूचीच्या पायावरच पुढे सर जॉर्ज हॅम्पसन ह्यांनी 1892 पासून आपले पतंगांवरील चार खंड रचिले.

आता आमच्या पेरूच्या फांदीकडे वळू. लाकूड पोखरणाऱ्या पतंगांचे मुख्य कुल म्हणजे कॉसिडी. शास्त्रज्ञ जवळच्या जातींची एक प्रजाती करितात, व अनेक प्रजाती मिळून एक कुल होते. ह्या एका कुलात जगभर सुमारे दीडशे प्रजाती व हजाराच्या जवळपास जाती आहेत, आणि त्यांचे राहणे नाना प्रकारचे आहे. युरोपातील कॉसस ही प्रजाती लिनिअसच्या वेळेपासून माहीत आहे; तिच्या अळीस बोकडासारखा दर्प येतो, आणि ती वाळुंजाच्या लाकडात तीन-चार वर्षे काढिते. झायल्यूटीस प्रजातीतील एक पतंग ब्रह्मदेशच्या सागास लागतो, व त्याने पाडलेल्या भोकांमुळे मोलाचे लाकूड कवडीमोल होते. झ्यूझेरा प्रजातीचे पतंग शुभ्र, त्यांवर निळसर काळे ठिपके; त्यांतील कॉफीस लागणारी तांबडी अळी चहा, डाळिंब इत्यादी अनेक झाडांत शिरते. 2011 मध्ये ह्या कॉफीच्या पतंगाची वेगळ्या प्रजातीत बदली झाली, तेव्हा जुन्या व नव्या ग्रंथांत त्याचे नाव निराळे आढळल्यास कोणी गोंधळू नये. अझिगोफ्लेप्स ही प्रजाती आपल्या हादग्याच्या व शेवरीच्या खोडात सापडते. फ्रॅग्मॅटेशिया ही लाकूड सोडून बोरूच्या जातीच्या गवतांत शिरते. ऑस्ट्रेलियात तर एंडोझायला नावाच्या प्रजातीतील एक पतंग जगातील सर्वांत जड पतंग म्हणून गणला जातो, आणि तिच्याच दुसऱ्या एका जातीची गुबगुबीत अळी तेथील मूळ रहिवासी बाभळीच्या जातभाईंच्या मुळ्यांतून काढून आवडीने खातात.

पेरू, शेवगा, आंबा, बोर, बाभूळ ह्यांची साल खाणारी आमची अळी इंडार्बेला ह्या प्रजातीची. हिला काही विद्वान कॉसिडीच्या शेजारच्या स्वतंत्र कुलात घालितात. पूर्वी ह्या प्रजातीचे नाव आर्बेला असे होते. परंतु तेच नाव त्याआधी एका ढेकूणवर्गीय किड्यास दिलेले आढळले, आणि शास्त्राच्या नियमाने एक नाव दोघांस चालत नाही. म्हणून पुसा येथील संशोधनसंस्थेचे कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर ह्यांनी 1922 मध्ये त्यामागे हिंदुस्थानचा उपसर्ग जोडून तंटा मिटविला.

येथे स्विन्हो ह्यांच्या कामाची एक उणीव सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे पतंग आपले जवळजवळ सर्व आयुष्य अळीच्या रूपाने काळोखात घालवितात. इंडार्बेलाची अळी पावसाळ्याच्या आरंभी अंड्यातून निघते, दिवसा भोकात दडते, रात्री आपल्या भुशाच्या छपराखालून येऊन साल कुरतडते, आणि उन्हाळा येईपर्यंत नऊ-दहा महिने हाच क्रम चालविते. पंख फुटून बाहेर पडल्यावर पतंग अवघे दोन-तीन दिवस जगतो. कॉसिडी कुलातील पतंगांची तोंडे तर इतकी खुरटलेली असतात की त्यांस काही खाताच येत नाही. आता दिव्याभोवती पतंग धरणारा संग्राहक ह्या प्राण्याचे काय पाहतो? वर्षातील ते दोन-तीन दिवस. स्विन्हो ह्यांच्या पेट्यांतून पंख होते, पंखांवरील शिरा व ठिपके होते, ठिकाण व तारीख होती. झाड नव्हते, भोक नव्हते, आणि ज्याचे झाड वाळले तो शेतकरी तर नव्हताच. त्यांच्या सोबतचे एटकिन ह्यांनी कारवारकडे मित्रांसमवेत फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवून पाहिल्या. पण लाकडातील अळी घरी वाढविणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि बदलीच्या नोकरीत तर ती अशक्यच. पिकांवरील अळ्यांचा अभ्यास पद्धतशीरपणे सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, पुसा येथे. तथापि पुसाच्या लोकांस अळीपासून निघालेला पतंग ओळखावयास जुन्याच याद्या हाती घ्याव्या लागल्या. नाव आधी मिळाले, प्राणी मागाहून कळला. आदामाने प्रथम प्राण्यांस नावे ठेविली व त्यांचे गुणदोष पुढे अनुभवास आले, त्यातलाच हा प्रकार.

सेवानिवृत्त झाल्यावर कर्नलसाहेब ऑक्सफर्ड येथे राहिले. तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात पूर्वेकडील व ऑस्ट्रेलियाकडील पतंग वर्षानुवर्षे धूळ खात पडले होते. त्यांची दोन खंडांची सूची त्यांनी 1892 व 1900 साली तयार केली, आणि विद्यापीठाने त्यांस सन्मानाची एम. ए. पदवी दिली. ज्याने कोवळ्या वयात पलटणीचा रस्ता धरिला त्यास ती सेवानिवृत्तीनंतर मिळाली. त्यांच्या स्वतःच्या संग्रहात सुमारे 7,000 जातींचे 40,000 नमुने होते, व त्यांपैकी सुमारे 400 जातींचे पहिले वर्णन त्यांनीच केलेले होते. फ्रेडरिक मूर ह्यांनी 1890 मध्ये आरंभिलेला हिंदी फुलपाखरांचा महाग्रंथ 1907 साली मूर निवर्तल्यामुळे अर्धवट राहिला, तेव्हा स्विन्हो ह्यांनी उरलेले खंड लिहून 1913 साली तो दहाव्या खंडानिशी पुरा केला. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यानंतरही लेखणी थांबली नाही. केसाळ सुरवंटांच्या पतंगकुलातील प्रजातींची फेरतपासणी त्यांनी 1922 मध्ये छापावयास घेतली, आणि ती 1923 मध्येही क्रमशः प्रसिद्ध होत होती. त्याच वर्षी 2 डिसेंबर रोजी, वयाच्या 86व्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले.

त्या पेरूच्या झाडाचे पुढे काय झाले, असे पालक विचारतील म्हणून सांगतो. नाव कळल्यावर उपायही सापडला. सालीवरील भुशाच्या पट्ट्या खरवडून काढिल्या, प्रत्येक भोकात लोखंडी तार घालून अळी मारिली, रॉकेलात भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून तोंड चिखलाने लिंपिले. दोन फांद्या गेल्या. झाड उभे आहे. ती वाळकी फांदी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेविली असून तिच्या चिठ्ठीवर मी प्रजातीचे नाव घातले आहे. त्याखाली त्या मुलाने आपल्या हाताने झाड, मळा, महिना व भोकाची खोली लिहिली आहे, आणि चिठ्ठीत जागा पुरली नाही म्हणून मागल्या बाजूस अळीचे चित्र काढिले आहे.