होरेस वेल्स : वेदना हरू पाहणारा दंतवैद्य

दाढ दुखू लागली म्हणजे आपण दंतवैद्याकडे जातो. तो भूल देतो आणि दाढ केव्हा निघाली हे कळतही नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. रोग्याला खुर्चीत घट्ट धरून, त्याच्या किंकाळ्या ऐकत दाढ उपटावी लागे. त्या किंकाळ्या ज्याला सहन झाल्या नाहीत अशा एका दंतवैद्याची ही जीवनकथा आहे.

होरेस वेल्स ह्यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. बॉस्टन येथे दंतवैद्यक शिकून १८३६ साली त्यांनी कनेक्टिकट राज्यातील हार्टफोर्ड शहरी दवाखाना उघडला. ते कामात कुशल होते व स्वभावाने मृदू होते.

नायट्रस ऑक्साइड हा वायू धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली ह्यांनी १७७२ साली प्रथम तयार केला. तो शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल, असे हंफ्री डेव्ही ह्यांनी १८०० साली सुचविले. पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. लोक त्याला 'हसविणारा वायू' म्हणत आणि तो हुंगून करमणूक करून घेत.

असाच एक खेळ १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर कोल्टन ह्यांनी हार्टफोर्ड येथे केला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, पण त्याला तिची जाणीवच नव्हती. इतर प्रेक्षक हसत होते. वेल्स मात्र विचारात पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टन ह्यांच्याकडून वायू घेतला आणि आपला सहकारी जॉन रिग्ज ह्याच्याकडून स्वतःची दाढ काढवून घेतली. वेदना झाली नाही. नवा उपाय त्यांनी प्रथम आपल्यावर करून पाहिला, रोग्यांवर नंतर. त्यांनी ह्या शोधाचे पेटंट घेतले नाही. गावातील इतर दंतवैद्यांनाही तो मोकळेपणाने शिकविला.

१८४५ च्या जानेवारीत बॉस्टन येथे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी प्रयोग केला. वायूची पिशवी लवकर काढली गेली आणि रोगी ओरडला. सभेने वेल्स ह्यांना लबाड ठरविले. पुढे रोग्याने आपल्याला फारसे दुखले नाही असे सांगितले, पण तोवर नाव गेले होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यांचाच जुना शिष्य विल्यम मॉर्टन ह्याने त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला, पेटंट घेतले आणि कीर्ती मिळविली.

मन खचलेले वेल्स १८४८ च्या आरंभी न्यूयॉर्कला गेले. तेथे ते एकटेच स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करू लागले. थांब म्हणणारे जवळ कोणी नव्हते. काही दिवसांतच बुद्धी भ्रमली. आपल्या तेहतिसाव्या वाढदिवशी त्यांनी रस्त्यावरील दोन स्त्रियांवर आम्ल फेकले. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले ह्याची त्यांना जाणीव झाली. २४ जानेवारी रोजी तुरुंगातच त्यांनी आपल्या जीवनाचा अंत केला. पॅरिसच्या वैद्यक मंडळाने ह्या शोधाचा मान त्यांना दिल्याचे पत्र त्यांच्या मृत्यूनंतर आले.

१८६३ पासून कोल्टन ह्यांनी दंतवैद्यकात हा वायू पुन्हा रूढ केला. आजही तो प्राणवायूत मिसळून, मोजून, जाणत्याच्या देखरेखीखाली दिला जातो, आणि प्रसूतिवेदनांत व दातांच्या उपचारांत आराम देतो. तोच वायू मौजेसाठी वारंवार हुंगल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी होते, हातपाय बधिर होतात, चालणेही कठीण होते. प्राणवायूविना घेतल्यास जीवही जातो. तरुणांत हे व्यसन वाढल्यामुळे ब्रिटनने २०२३ साली नशेसाठी हा वायू जवळ बाळगणे गुन्हा ठरविले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना ही कथा सांगताना तिचा शेवट झाकू नये. पण त्या तीन दिवसांवरून सारे आयुष्यही तोलू नये. वेल्स ह्यांनी दुसऱ्यांना दुःखमुक्त करण्याचा मार्ग फुकट दिला. स्वतः दुःखात असताना मात्र ते कोणाकडे गेले नाहीत. बंद खोलीत गुंगीचा आधार शोधीत राहिले. आपल्या मंडळीतही असा कोणी मूकपणे खचत असेल. त्याच्या दारी आपण वेळेवर जावे.