सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याचे नाव आमच्या वाचकांस नवीन नाही. कारखान्याच्या बॉयलरात उसाचे चिपाड जळून जी राख उरते, ती आपण उकिरड्यावर टाकण्याजोगी समजतो. तीच राख नीट भाजून व बारीक दळून काँक्रीटात काही सिमेंटाच्या जागी घालता येते. अशा बांधकामाच्या टिकाऊपणाविषयी ज्यांस शंका वाटेल, त्यांच्याकरिता सिमेंटावाचून धरण बांधणाऱ्या एका थोर इंजिनियराचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरास पदवी मिळविली. नंतर शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात येऊन 1883 साली इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकाविला. मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. 1908 साली मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडाला, तेव्हा निजाम सरकारने त्यांनाच पाचारण केले. आपला जिल्हाही त्या वेळी त्याच राज्यात मोडत असे.

1911 साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. देशात सिमेंट फारसे होत नसे, आणि विलायतेहून आणावे तर खर्च भारी. म्हणून सुमारे 130 फूट उंचीची ती दगडी भिंत चुना व सुरखी यांच्या मसाल्यात बांधली गेली. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्यातील सिलिकेचा चुन्याशी संयोग होऊन पाण्यास दाद न देणारा पदार्थ तयार होतो. मात्र हे कार्य फार सावकाश चालते.

राखेचा गुणही हाच. सिमेंट घट्ट होताना चुना सुटतो. राख त्याला बांधून घेते, छिद्रे बुजतात, पाणी व क्षार आत शिरत नाहीत आणि लोखंडी सळ्या उशिरा गंजतात. परंतु राखेत अर्धवट जळालेला कोळसा राहिला, तर काम बिघडते. शिवाय असे काँक्रीट आरंभी कमी बळ धरते व त्यास अधिक दिवस पाणी मारावे लागते. वैशाखात पिण्याच्याच पाण्याची ओढ असताना हे कोण करणार? आमच्या मते खरी अडचण राखेची नसून उतावळेपणाची आहे.

विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली व 1962 साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ते निवर्तले. त्यांच्या धरणाच्या पाण्यावर मंड्याकडील ऊस आजही पिकतो.